ओलं कार्ड

२ मे १९७३, हिंगोली

ज्याला स्वतःला कधी तहान लागत नाही, त्याला पाणी वाटता येईल का? काल एस.टी.त बसवून देताना आईने खिडकीतून हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. गाडी सुटली म्हणून वाचले. आज दिवसभर यंत्रासमोर बसले तरी उत्तर सापडलेलं नाही. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. पाऊस पडेपर्यंत कधीतरी उत्तर लिहीनच.

तर मी आले! खडकदरीच्या वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट, अनुसूया खिल्लारे, संख्याशास्त्र घेऊन बी.ए., जलसाहाय्य मंडळाच्या हिंगोली केंद्रावर रुजू झाली. केंद्र म्हणजे स्टेशनकडच्या बाजूला एका बंद जिनिंगचं गोदाम. भिंतींच्या फटीत अजून कापूस अडकलेला आहे. मागच्या बाजूला मला राहायला खोली आहे. अंगणात एक कडुनिंब, आणि त्याच्या सावलीत टँकर उभे.

केंद्राचे प्रमुख विश्वंभरराव, निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना नाना म्हणतात. मी जयभीम म्हटलं, तर त्यांनीही हात जोडून जयभीम म्हटलं आणि स्वतःच्या माठातलं पाणी स्वतः ओतून दिलं. मी भांडं तोंडाला लावलं तेव्हा ते दुसरीकडे बघत होते. मला अवघड वाटू नये म्हणून, हे मला कळलं. चांगला माणूस आहे.

यंत्र मुंबईच्या एका बंद पडलेल्या कंपनीने मंडळाला दान दिलेलं आहे. कपाटाएवढं, राखाडी. काम सोपं आहे. प्रत्येक गावाचं एक जाड कागदाचं कार्ड. माणसं किती, जनावरं किती, जवळचं पाणी किती लांब, टँकर शेवटचा कधी आला, हे सगळं त्यावर भोकं पाडून लिहायचं. संध्याकाळी कार्डं चाळणीच्या यंत्रातून काढली की ज्या गावाची तहान सर्वांत मोठी ते गठ्ठ्यात सर्वांत वर येतं. तो गठ्ठा छापायच्या यंत्राच्या पेटीत ठेवायचा आणि जायचं. रात्री वीज तोडतात ती पहाटे येते. वीज आली की यंत्र आपलं आपण सुरू होतं आणि त्या दिवसाची टँकरची यादी छापून देतं. यादी रात्री छापायची नाही हा नानांचा नियम. रात्रभर यादी कुणाच्या हाती राहिली की सकाळपर्यंत गावं बदलतात, म्हणाले.

मी नानांना आईचा प्रश्न सांगितला नाही. त्यांनीच यंत्रावर हात ठेवून सांगितलं, "याला जात नाही, अनुसूयाबाई, आणि याला नातंही नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते खडूने यंत्राच्या बाजूच्या भिंतीवर लिहिलं.

६ मे

आज माझ्या हट्टाचा दिवस. मंडळाच्या कार्डांत गाव तेवढं होतं, वस्ती नव्हती. मी नानांना समजावलं की टँकर गावात गेला की गावच्या विहिरीत रिकामा होतो, आणि त्या विहिरीवर आमच्या लोकांना घागर लावता येत नाही. यंत्राला जात नाही हे खरं, पण विहिरीला आहे. नानांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, वस्त्यांची वेगळी कार्डं करा.

पहिलं कार्ड मी पांढरमाळच्या वस्तीचं केलं, कारण तिथल्या सोजराबाई माणसांची मोजदाद सांगायला स्वतः चालत आल्या होत्या. काळ्या, उंच, खडीच्या कामावर हाताला फोड आलेल्या, आणि तोंडाच्या फार फटकळ. मी भोकं पाडताना त्या मान वाकडी करून बघत होत्या. वस्तीतली सगळी माणसं या भोकात आहेत, असं मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा भोकातून किती पाणी येईल गं पोरी? थेंबाथेंबानं देऊन राहिली का सरकार?" मी म्हटलं, सरकार नाही मावशी, मंडळ. तर म्हणाल्या, "तेच ते. आमचा नंबर लागला म्हंजे झालं." जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दुपारी अमृतराव आले. गोदाम त्यांचं आहे, मंडळाला ते फुकट वापरायला दिलंय. त्यांनी छापील यादीच्या खाली पेनने दोन गावं वाढवली आणि रामकिशन ड्रायव्हरच्या हातात कागद दिला. मी तो कागद त्याच्या हातातून घेतला, सगळ्यांसमोर फाडला आणि यादी पुन्हा छापली. मी सांगितलं की या केंद्रावर हाताने लिहिलेली एकही ओळ चालणार नाही. माझी सुद्धा नाही. अमृतराव हसले. "व्वा मशीनवाल्या बाई," म्हणाले, "बराबर आहे तुमचं. बघू मशीन किती दिवस चालते."

रामकिशन मला नंतर हळूच म्हणाला, "ताई, जिगर आहे तुमाला." मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं बहुतेक, पण वाटलं.

९ मे

आज सकाळी यंत्र सुरू झालं नाही.

वीज आली, दिवा लागला, मोटर घुमली आणि लगेच थांबली. नाना आणि ड्रायव्हर मंडळी दारात. मी फ्यूज पाहिला, चांगला. पट्टा पाहिला, ताठ. तार सैल असेल म्हणून एकेक जोड दाबून पाहिला. पुन्हा खटका दाबला, पुन्हा तेच. जणू एखाद्याने हुं म्हणावं आणि बोलू नये.

अमृतराव खिशात हाताने लिहिलेली यादी घेऊनच आले होते. त्यांच्या यादीत एकही वस्ती नव्हती. ते बाकड्यावर बसून सुपारी कातरत होते आणि मला विचारत होते की मशीनला ताप आला का, काढा द्यायचा का.

शेवटी मी पेटीतला गठ्ठा बाहेर काढला, हाताने फटकारून सरळ केला, परत ठेवला. यंत्र चाललं. उशिराने का होईना, यादी निघाली. दिवसभर मग एकदाही अडलं नाही. मुंबईच्या मेकॅनिकला तार केली आहे. तो जून महिन्याशिवाय येणार नाही.

११ मे

काल पुन्हा तसंच, आज पुन्हा तसंच. फक्त सकाळी, फक्त पहिल्यांदा सुरू होताना. दुपारी मुद्दाम बंद करून चालू केलं तर तक्रार नाही.

मला वाटलं, वीज आल्या आल्या दाब कमी असतो, म्हणून थोडं थांबून खटका लावावा. थांबले. नाही. मग चाळणीचं यंत्र बंद ठेवून सगळी वीज याला दिली. नाही. मग पेटी रिकामी करून चालवलं, आणि ते चाललं! म्हणजे मोटरचा दोष नाही, दोष कार्डांत आहे. खालचा अर्धा गठ्ठा घातला, चाललं. वरचा अर्धा घातला, अडलं. त्याचा पुन्हा अर्धा केला. असं करत करत एक कार्ड हातात उरलं. सर्वांत वरचं.

पांढरमाळ वस्ती.

ते ओलं होतं. ओलं कार्ड फुगतं आणि रुळांत शिरत नाही, एवढं साधं कारण. मी मोठ्याने हसले, नानांना बोलावून दाखवलं. नाना म्हणाले, वाळवा आणि घाला. मी कंदिलाच्या काचेवर धरून वाळवलं, घातलं, यादी निघाली, पांढरमाळला टँकर गेला.

मग जेवायला बसल्यावर लक्षात आलं. गोदामात पाण्याचा थेंब नाही. छत कोरडं, हवा अशी की ओठ फुटतात. माठ अंगणापलीकडे. ते कार्ड ओलं कशाने झालं?

१२ मे

आज वाळेना. काचेवर धरलं, पदरात दाबलं, तव्यावर ठेवलं. वाफ निघायची आणि पुन्हा ओल यायची, आतून. वास येतो त्याला. आटलेल्या विहिरीच्या तळाशी काळा गाळ असतो, तसा.

बाहेर टँकरांचे भोंगे सुरू झाले. अमृतराव खिशातला कागद काढून उलगडायला लागले.

मी ते एक कार्ड बाजूला ठेवलं. यंत्र क्षणात सुरू झालं. इतर सगळ्या वस्त्यांची नावं यादीत आली. आजच्यापुरतं. एकासाठी सगळ्यांना कसं थांबवायचं?

रामकिशनने यादी वाचून विचारलं, "ताई, पांढरमाळ काहून न्हाई? माझी रोजची खेप हाय ती." यादीच्या वर एक ओळ कोरी सुटली होती, तिथे त्याने बोट ठेवलं. म्हणाला, "हितं लिवून द्या की पेनानं. कोन बघून राहिलंय?"

अमृतराव बघत होते. मी म्हटलं, हाताने लिहिलेलं चालत नाही.

१४ मे

दोन्ही दिवस तेच. नवीन कोरं कार्ड घेऊन पांढरमाळची भोकं नव्याने पाडली. संध्याकाळी कोरडं खडखडीत, सकाळी ओलं. ज्या गावाला पाणी मिळत नाही त्याची तहान वाढते, म्हणून चाळणी त्याला रोज सर्वांत वरच आणते. वरचं ते ओलं. ओलं ते काढायचं. काढलं की तहान आणखी वाढते. हे चक्र मला कागदावर दिसतं आहे आणि तरी मी ते फिरवते आहे.

नानांचा नियम मोडून काल संध्याकाळीच यादी छापून माझ्या कपड्यांच्या पेटीत कुलपात ठेवली होती. पांढरमाळ पहिल्या ओळीत होतं. सकाळी कागदाचा लगदा झालेला, शाई वाहून गेलेली. माझी दोन पातळं पण भिजली आहेत.

पेनने एक ओळ लिहिली असती तर झालं असतं. हे मला १२ तारखेलाही माहीत होतं. पण लिहिली असती तर अमृतरावांनी पुढच्या दहा लिहिल्या असत्या. हे खरं आहे. हेही खरं आहे की मला त्यांचं हसणं ऐकायचं नव्हतं. दोन्हींतलं कोणतं जास्त खरं, ते या वहीतसुद्धा लिहवत नाही.

१६ मे

सोजराबाई गेल्या.

रामकिशन दुसऱ्या खेपेहून आला आणि टँकरच्या पायरीवर बसून राहिला. टँकर येत नाही म्हणून पांढरमाळच्या बाया वस्तीच्या आटलेल्या विहिरीत उतरायला लागल्या होत्या. तळाला झिरा खणायचा, वाटीने पाणी गोळा करून घागर भरायची, वरून ओढायची. आमच्याकडेही उन्हाळ्यात करतात. काल सकाळी सोजराबाई उतरल्या. एक घागर वर गेली. दुसरी भरेपर्यंत बाजूची दरड बसली.

रामकिशन म्हणाला की त्या रोज सकाळी रस्त्याच्या फाट्यावर येऊन उभ्या राहायच्या. टँकर थांबला नाही तरी ओरडून विचारायच्या, आमचा नंबर लागला का रे लेकरा? हा म्हणायचा, उद्या लागंल मावशी. "तुमीच म्हनले व्हते ना ताई, आजच्यापुरतं."

मी हे त्याला म्हटलं नव्हतं. मी हे फक्त वहीत लिहिलं होतं.

१७ मे, बुद्धपौर्णिमा

वंदनेला गेले नाही. हातात फूल कसं धरणार?

सकाळी पांढरमाळचं कार्ड पेटीत ठेवलं आणि यंत्र अडलं तसं अडू दिलं. मग ते कार्ड काढून यादी छापली. वरच्या कोऱ्या ओळीत मी स्वतः पेनने लिहिलं, पांढरमाळ वस्ती.

अमृतरावांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, माझ्याच ओळीखाली तीन गावं लिहिली आणि पेन टोपण लावून परत दिलं. म्हणाले, "आता बराबर चाललंय तुमचं." तीन वस्त्यांचे टँकर तिकडे वळले. नाना खिडकीकडे तोंड करून उभे होते.

पांढरमाळला टँकर पोचला. घागरी लागल्या. उशिरा.

१८ मे

पांढरमाळचं कार्ड आज कोरडं आहे. गठ्ठ्यात खाली आहे. सर्वांत वर दुसऱ्या एका वस्तीचं आलं आहे, काल जिचा टँकर वळवला तिचं.

ते ओलं आहे.

म्हणजे दोष त्या एका कार्डाचा नाही. त्या वस्तीचाही नाही. जी सर्वांत तहानलेली, ती काढून दिल्याशिवाय हे सुरू होत नाही. एक त्याला द्यावी लागते.

मी काढलं नाही. यंत्र बंद राहिलं. अमृतरावांची यादी गेली.

१९ मे

आजही काढलं नाही. आजही त्यांची यादी. एकाही वस्तीत पाणी नाही.

नानांना सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मला परत दिलं. म्हणाले, "हे कोरडं आहे, बाळ." त्यांच्या हातात कोरडं होतं. माझ्या हातात आल्यावर कोपऱ्यातून थेंब पडला. जमिनीवर डाग पडला, तो मी दाखवला. नानांनी डागाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि माठातलं पाणी आणून दिलं. उन्हाने होतं असं, म्हणाले.

मग फार हळू आवाजात म्हणाले की एक बाजूला ठेवून बाकीच्यांना मिळत असेल तर ती साधी वजाबाकी आहे. आपण जीव वाचवतो आहोत. उद्या यंत्र कसंही करून सुरू करा.

चांगला माणूस आहे. मी पहिल्या दिवशीच लिहिलं होतं.

पाणी प्यायले. तहान गेली नाही.

२० मे

यंत्र बंद. वस्त्यांतून निरोप येतात. कुठे एक म्हातारा गेला. कुठे लेकरांना जुलाब. बाया विहिरींत उतरताहेत, सगळीकडे. मी एक कार्ड काढलं तर एक वस्ती. मी नाही काढलं तर सगळ्या. दोन्हीकडे मीच आहे.

रामकिशन काम सोडून चालला. किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. पांढरमाळच्या फाट्यावर आज भर उन्हात एक बाई घागर घेऊन उभी होती. त्याने ब्रेक मारला. तिने वर पाहून विचारलं, आमचा नंबर लागला का. लुगडं पार भिजलेलं, चिखलाने काळं. रस्ता तिच्या पायाखाली ओला. हा खाली उतरला तर कुणी नाही. रस्त्यावर ओल तेवढी होती. "त्या उन्हात, ताई."

मी विचारलं, तू काय सांगितलंस तिला?

म्हणाला, "म्या म्हनलं, ताईला इचारा."

२१ मे

वरचं कार्ड बदललं आहे. चाळणीतून तीनदा काढून पाहिलं. तीनदा तेच.

खडकदरी वस्ती. आमची.

मीच पाडलेली भोकं. त्यांतल्या एका भोकात आई आहे.

ओलं नाही हे. गळतं आहे. टेबलावरून धार—

भिंतीवर खडूने लिहिलेलं पाण्याने ओघळलं आहे. जात नाही, हे पुसलं. नातंही नाही, एवढं उरलं आहे.

दुसरं एखादं काढून पाहिलं. पांढरमाळचं काढलं, नाही. सगळ्यांत खालचं काढलं, नाही. हेच पाहिजे त्याला. मला माहीत होतं. तरी मी दुसऱ्यांची काढून पाहिली. हेही लिहून ठेवते.

आई माझ्याबद्दल विचारत होती, ती यंत्राबद्दल विचारते आहे असं मी समजले—

२२ मे, सकाळ

काढलं.

यंत्र लगेच सुरू झालं. सगळ्या वस्त्या यादीत आहेत. वर एक ओळ कोरी. अमृतराव पेन घेऊन उभे होते, मी त्या ओळीवर हात ठेवून उभी राहिले, टँकर फाटकाबाहेर जाईपर्यंत. नाना म्हणाले, शाबास.

कार्ड पिशवीत आहे. पिशवीतून पाणी ठिबकतंय. पहिल्या एस.टी.ने निघते. विहिरीत कुणाला उतरू द्यायचं नाही. मी काठावर बसेन. दिवसभर बसेन. कुणी उतरलं नाही तर त्याला कुणी मिळणार नाही—

एस.टी.त शेजारची बाई सरकून बसली. म्हणाली, पोरी, भिजली कुठं एवढी?

२२ मे, खडकदरी

उशीर झाला. मी पोचले तेव्हा आईच्या कमरेला दोर बांधून झाला होता. वस्तीतल्या बाया काठावर. चार दिवस वाट पाहिली म्हणाल्या, मग काय करावं? आई मला बघून हसली. म्हणाली, "आली का माझी मशीनवाली? आमचा नंबर काहून लागंना गं?"

मी तिच्या कमरेचा दोर सोडला. माझ्या बांधला. ती ओरडली, बी.ए. झालेली पोरगी झिऱ्यात उतरते का, म्हणून. मी उतरले.

आता खाली आहे. झिरा भरायला वेळ लागतो. वाटीभर पाणी येतं, ते घागरीत घालायचं, पुन्हा वाट पाहायची. म्हणून लिहिता येतंय. वर आभाळ ताटलीएवढं, पांढरं. आईचं डोकं दिसतं.

कमरेचा दोर सोडून घागरीला बांधला, एक घागर वर गेली. आईने दोर परत सोडला.

दरडीतून माती गळते आहे. बारीक. थांबते. पुन्हा.

मला एकच गोष्ट माहीत आहे. त्याला खडकदरीतून एक हवं आहे. कोण, ते त्याने सांगितलेलं नाही. कार्डावर नावं नसतात.

आईला हाक मारली. म्हटलं, दोराचं वरचं टोक सोड, गाठ घट्ट करायची आहे. तिने सोडलं. सगळा दोर खाली ओढून घेतला. माझ्या मांडीवर वेटोळं आहे. एवढा लांब दोर वस्तीत दुसरा नाही. आता कुणी उतरू शकत नाही. झालं. केलं.

वर बाया ओरडताहेत. आई रडते आहे. मला शिव्या देते आहे, लहानपणी द्यायची तशाच.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला तहान लागली आहे. फार. एवढं पाणी आहे पायाशी आणि—

झिऱ्यात वाटी बुडवली तर दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी—

हाताला फोड आहेत. काळा, उंच हात. चिखलाचा.

विचारते आहे.

हो म्हटलं. लागला मावशी. कार्ड तिच्या हातात दिलं. तिने भोकावर बोट ठेवलं, आणि भोकातून पा—